चकली ‘क्रिस्पी’ की ‘क्रंची’? फराळाचं इंग्लिशमधे वर्णन करायला मदत हवीये

सोऱ्यावाली (सकाळी ११:१२)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी सांगलीची. सासूबाई आणि मी मिळून गेली अकरा वर्षं दिवाळीचा फराळ करून विकतो, आधी फक्त गल्लीत आणि ओळखीपाळखीत, मग पुण्या-मुंबईला जायला लागला, आणि आता भाच्याने आम्हाला ऑनलाइन दुकान काढून दिलंय. तिथे प्रत्येक वस्तूपुढे इंग्लिशमधे दोन-तीन ओळी टाकायच्या असतात, शिवाय खाली ‘कम्पेअर’ म्हणून एक तक्ता आहे त्यात आपल्याच दोन वस्तू शेजारी ठेवून फरक सांगायचा. गिऱ्हाईक आता बंगलोर, हैदराबाद, थोडं परदेशातलं पण आहे आणि बऱ्याच घरांत सून नाहीतर जावई मराठी नाहीये, म्हणजे नुसतं ‘खमंग खुसखुशीत’ लिहून भागत नाही.

माझं शिक्षण मराठी मिडियम, मग बी.कॉम. इंग्लिश वाचलं की कळतं पण लिहायला बसलं की हात आखडतो. तरी गेल्या वर्षी नेटाने लिहिलं. ते खाली देतेय, इंग्लिश शब्द मुद्दाम आपल्या लिपीत टाकतेय कारण सासूबाई पण वाचणारेत. हसू नका. बरं हसा, भाचा पण हसला.

चकली: व्हेरी टेस्टी अँड मोअर क्रिस्पीअर दॅन मार्केट
बेसन लाडू: प्युअर घी हेवी लाडू, बेस्ट इन सांगली
करंजी: होमली करंजी, नॉट हार्ड
पातळ पोह्यांचा चिवडा: थिन चिवडा, लाइट क्वालिटी
अनारसे: टिपिकल अनारसा विथ नेट

आता गंमत ऐका. आमच्या अनारशाला जाळी सुरेख पडते, तेच मला सांगायचं होतं, तर हैदराबादच्या एका बाईंचा मेसेज आला की ते नेट खायच्या आधी काढून टाकायचं का. मला आधी कळेचना कुठलं नेट. चिवड्याबद्दल कुणी काही विचारलं नाही पण तो खपलाच नाही, दिवाळी झाल्यावर भाचा म्हणाला, मामी, ‘लाइट क्वालिटी’ म्हणजे हलक्या प्रतीचा असं वाटतं वाचणाऱ्याला. अहो, मला पचायला हलका म्हणायचं होतं!

तर मला हे हवंय की क्रिस्पी आणि क्रंची यात फरक काय, कुठे ‘मोअर’ लावायचं आणि कुठे नुसतं ‘अर’, आणि खमंग, खुसखुशीत, रवाळ, जाळीदार याला तिकडे म्हणतात तरी काय. आणि भाजणीची चकली आणि तांदळाची चकली यांची तुलना करायची असेल तर एकीला चांगलं म्हटलं की दुसरी वाईट ठरते, त्याचं काय करू? दोन्ही मीच विकतेय.

---

उगाच_एक (११:३१)

‘मोअर क्रिस्पीअर दॅन मार्केट’ म्हणजे मार्केट यार्ड पण थोडं क्रिस्पी आहे, तुमची चकली त्याच्यापुढे एक पाऊल. 😄

आणि ‘बेस्ट इन सांगली’ काढून टाका ताई, बेस्ट मुंबईत असते, सांगलीत एसटी.

(लाडू मात्र पाठवा, मी हेवी क्वालिटीचा माणूस आहे.)

---

निवृत्त_मास्तर (दुपारी १२:४०)

ताई, ‘मोअर क्रिस्पीअर’ माझ्या वर्गात दरवर्षी भेटायचा, वाचून जुना विद्यार्थी दारात आल्यासारखं वाटलं.

हे होतं कशामुळे बघा. मराठीत तुलना करताना विशेषण जागचं हलत नाही. ही चकली कुरकुरीत, त्या चकलीपेक्षा कुरकुरीत, सगळ्यात कुरकुरीत. तिन्ही ठिकाणी कुरकुरीत तेच, सगळी हमाली ‘पेक्षा’ आणि ‘सगळ्यात’ हे शब्द करतात. इंग्लिशमधे विशेषणालाच शेपूट लागतं, पण आपल्या मनाला तेवढ्या शेपटाने समाधान होत नाही, डोक्यात ‘जास्त कुरकुरीत’ चालू असतं, म्हणून त्या ‘जास्त’चा मोअर करून आपण पुढेही चिकटवतो. दोन्ही घ्यायचे नाहीत, एकच घ्या.

कुठला घ्यायचा, तर छोट्या शब्दाला शेपूट, म्हणजे फ्रेशचं फ्रेशर, थिनचं थिनर (लिहिताना एन दोनदा, हे पोरं हमखास विसरायची). शेवटी वाय असलेल्या टेस्टी, क्रंची, स्पायसी यांनाही शेपूटच, फक्त त्या वायचा आय होतो. लांबलचक असतील, डिलिशस, फ्लेवरफुल, अरोमॅटिक असे, तर मोअर. आणि कमी म्हणायचं असेल तर विचारच करायचा नाही, शब्द छोटा असो की मोठा, ‘लेस’ लावायचं, लेस ऑइली, लेस स्वीट. बेटर ही आधीच तुलना आहे, मोअर बेटर नको. आणि सुपीरिअर शब्द वापरलात तर त्याच्यापुढे दॅन येत नाही, टू येतं, पण तो शब्द चकलीला कशाला, तो सिमेंटच्या पोत्याला ठीक आहे.

आता ‘दॅन मार्केट’. तुम्ही तोंडाने बोलताना काय म्हणता? ‘बाजारच्यापेक्षा’. ‘बाजारापेक्षा’ नाही म्हणत. त्या ‘च्या’मधे बाजारची चकली लपलेली आहे, इंग्लिशमधे जाताना तुमचा ‘च्या’ सांडला आणि चकलीची तुलना थेट बाजाराशी झाली. दॅन स्टोअर-बॉट वन्स म्हणा, ते ‘वन्स’ म्हणजे तुमचा ‘च्या’.

दोन-तीन विशेषणं ओळीने लावायची असतील तर आधी मत, मग आकार, रंग, मग कुठलं, मग कशाचं. ‘क्रिस्पी गोल्डन महाराष्ट्रियन राइस चकली’ हे कानाला बरं लागतं, उलटं करून म्हणून बघा, इंग्लिश न येणारालाही काहीतरी खटकेल. पण दोन विशेषणांच्या पुढे जाऊ नका, लग्नपत्रिका होते.

जाता जाता एक, विषयाशी संबंध आहे म्हणून. आपल्याकडे तरतमभाव नाहीच असं नाही, संस्कृतातून आलेला पडून आहे. शाळेतला लसावि-मसावि आठवा, लघुतम आणि महत्तम, तो ‘तम’ म्हणजे सगळ्यात. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यातला ‘इष्ठ’ पण तोच, आणि इंग्लिश स्वीटेस्टमधला ‘एस्ट’ त्याचा सख्खा भाऊ, दोन्ही एकाच मूळ भाषेतून आले. संस्कृतात स्वादु म्हणजे गोड, त्याचं स्वादिष्ठ. स्वादु आणि स्वीट हेही एकाच मुळातले, म्हणजे आपला स्वादिष्ट आणि त्यांचा स्वीटेस्ट हा अक्षरशः एकच शब्द आहे! त्यामुळे ‘सर्वात स्वादिष्ट’ किंवा ‘सर्वश्रेष्ठ’ लिहिणारी आपली मंडळी नकळत मोस्ट बेस्टच लिहीत असतात आणि कुणी त्यांना हसत नाही. तुम्हीही फार मनाला लावून घेऊ नका.

---

एडिसनची_मावशी (दुपारी ४:०५)

अगं सोऱ्यावाली, ‘होमली करंजी’ वाचून मी मोठ्याने हसले. इंग्लंडात होमली म्हणजे साधंसुधं घरगुती असं तरी होतं, इकडे अमेरिकेत बाईला होमली म्हटलं तर नाकीडोळी बेताची. म्हणजे तू गिऱ्हाइकाला सांगतेयस की करंजी दिसायला यथातथाच आहे पण कडक नाही. होम-स्टाइल म्हण.

मी इथे बावीस वर्षं दर दिवाळीला ऑफिसात डबा नेते, त्यामुळे कुठला शब्द चालतो आणि कुठल्याला लोक हात मागे घेतात हे डोळ्यांनी बघितलंय. तुला तेच सांगते, व्याकरण मास्तरांनी सांगितलंच आहे.

क्रिस्पी म्हणजे पातळ वस्तू, दात लागला की कर्रकन तुटली, संपला आवाज. पापड, वेफर्स, तुझे पातळ पोहे. क्रंची म्हणजे जाड, चावत राहिलं तरी आवाज येत राहतो. शेंगदाणे, जाड शेव. भाजणीची चकली माझ्या मते क्रंची, तांदळाची हलकी असते ती क्रिस्पी. बघ, तुझ्या तक्त्याचं निम्मं काम इथेच झालं.

खुसखुशीतला एक शब्द नाहीच, तू वस्तू बघून ठरव. चिरोटे आणि साट्याच्या करंज्यांना पदर सुटतात, त्याला फ्लेकी. शंकरपाळं तोंडात टाकलं की विरघळतं, त्याला मेल्ट-इन-द-माउथ. क्रम्बली म्हणू नकोस, लोकांना वाटतं पार्सलमधे भुगा येणार (तसा येतोच, पण ते आपण लिहायचं नाही).

रवाळचा फार त्रास आहे. आपण लाडू रवाळ झाला म्हणून कौतुक करतो, आणि इकडे ग्रेनी म्हटलं की लोकांना बिघडलेला फज आठवतो. मी एका वर्षी डब्यावर चिठ्ठी लावली होती ‘ग्रेनी बेसन लाडू’, पाच वाजता डबा तसाच्या तसा घरी. पुढच्या वर्षी तोच लाडू, चिठ्ठीवर लिहिलं ‘मेड विथ कोर्सली ग्राउंड चिकपीज, स्लो-रोस्टेड इन घी’, अकरा वाजता डबा रिकामा आणि अकाउंट्समधली बाई रेसिपी मागायला आली. तेव्हापासून मी कसं लागतं ते कमी लिहिते आणि कसं केलंय ते जास्त. हँड-रोल्ड, स्लो-रोस्टेड, डीप-फ्राइड इन स्मॉल बॅचेस, असे शब्द खोटे वाटत नाहीत. व्हेरी टेस्टी तर सगळेच लिहितात, कोण लिहिणार की आमचं बेचव आहे?

हेवी काढ, त्याऐवजी रिच. हेवी म्हणजे खाल्ल्यावर झोप येते असं, रिच म्हणजे तूप सढळ. टिपिकल पण काढ, त्यात ‘नेहमीचंच, काय विशेष नाही’ असा वास आहे, मराठीत आपण ‘टिपिकल’ म्हणून नाक मुरडतो तसाच.

तिखटाला हॉट लिहू नकोस, गरम पाठवतात की काय वाटतं. मिरचीचं तिखट असेल तर स्पायसी, नुसता मसाल्याचा स्वाद असेल आणि तिखट नसेल तर स्पाइस्ड. हा फरक फार कामाचा आहे, स्पायसी वाचून इथली निम्मी माणसं हात मागे घेतात.

आणि अनारशाला लेसी म्हण गं. लेसी टेक्स्चर. लेस कुणी काढून टाकत नाही. 😂

---

काउंटर_नंबर_२ (सायं ५:४८)

मी संभाजीनगरला मिक्सर-फ्रिजच्या दुकानात काउंटरला असतो, फराळातलं फक्त खायचं कळतं, पण तुलनेचं काम रोजचं आहे म्हणून लिहितो. गिऱ्हाईक दोन मिक्सर समोर ठेवून विचारतं यातला चांगला कुठला. नवीन पोरगा असला की महागाकडे बोट दाखवतो, म्हणजे मग दुसरा भिकार ठरला आणि गिऱ्हाइकाचं बजेट तेवढंच असेल तर ते दोन्ही सोडून जातं. आम्ही उलटं विचारतो, घरात माणसं किती, इडलीचं पीठ रोज वाटता का नुसती चटणी. रोज वाटत असाल तर ७५० वॉट, नाहीतर ५०० भरपूर झाला. बेटर एकटं कधीच बोलायचं नाही, ‘बेटर फॉर’ बोलायचं, पुढे कुणासाठी किंवा कशासाठी ते आलं पाहिजे.

तुमच्या चकल्यांचं पण तसंच करा. मला सुचलं ते देतो, इंग्लिश मास्तर तपासतील:

भाजणी: डार्कर, क्रंचीअर, स्पायसीअर. बेटर विथ टी.
तांदूळ: लाइटर, क्रिस्पीअर, माइल्डर. बेटर फॉर किड्स.

कुणाला कमी लेखलं नाही आणि घेणारा दोन्ही घेईल, एक चहाला एक पोरांना. (इथे लाइटर चालतं, कारण शेजारी डार्कर आहे आणि ‘क्वालिटी’ शब्द नाहीये, तुमचा घोटाळा क्वालिटीने केला, लाइटने नाही.)

अजून एक, चीप शब्द लिहू नका. दुकानात आम्ही ‘चीप अँड बेस्ट’ बिनधास्त बोलतो, समोरचा पण खूश होतो, पण छापलं की चीप म्हणजे फालतू. अफोर्डेबल किंवा सरळ किंमत लिहा आणि गप्प बसा.

---

लेबलवाला (रात्री ९:१५)

फूड टेक्नॉलॉजी केलंय, पोट पॅकिंग-लेबलवर चालतं, म्हणून माझा सूर जरा रुक्ष लागेल. मावशींनी क्रिस्पी-क्रंचीचं जे सांगितलं ते बरोबरच आहे, खाद्यशास्त्रातही तसंच धरतात, क्रिस्पचा आवाज वरच्या पट्टीतला आणि क्रंचचा खालच्या. कुरकुरीतपणा निम्मा कानाने कळतो. २००४ साली ऑक्सफर्डच्या झाम्पिनी आणि स्पेन्स यांनी लोकांना हेडफोन लावून वेफर्स खायला दिले, त्यांच्याच चावण्याचा आवाज त्यांना ऐकवला, आणि तो आवाज मोठा केला किंवा त्यातली वरची पट्टी वाढवली की तेच वेफर्स लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटायला लागले. त्यावर त्यांना २००८ चं इग नोबेल मिळालं, ते गमतीचं पारितोषिक असतं ते.

खुसखुशीतला एक शब्द नाही असं मावशी म्हणतात, खरं तर जुन्या इंग्लिशच्या पोटात आहे, तो म्हणजे शॉर्ट! शॉर्टब्रेडमधला शॉर्ट म्हणजे आखूड नव्हे, खुसखुशीत. आपण शंकरपाळ्याच्या पिठात कडकडीत मोहन घालतो तेव्हा तूप पिठाच्या कणांभोवती बसतं, मैद्यातल्या ग्लुटेनच्या लांब तारा तयार होत नाहीत, आखूड राहतात आणि वस्तू चिवट न होता खुसखुशीत होते. मोहनाला इंग्लिशमधे शॉर्टनिंगच म्हणतात. पण लेबलवर ‘शॉर्ट शंकरपाळी’ लिहू नका, लोक फूटपट्टी घेऊन बसतील. ‘लाइक शॉर्टब्रेड’ लिहिलंत तर परदेशातल्याला एका झटक्यात कळेल.

आता कामाचं. आपल्याकडे खाण्याच्या वस्तूंवर विशेषण लावणं हा नुसता भाषेचा मामला नाहीये. जाहिराती आणि दाव्यांबद्दल एफएसएसएआयचे (म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१८ चे नियम आहेत आणि त्यात नॅचरल, फ्रेश, प्युअर, ओरिजिनल, ट्रॅडिशनल, ऑथेंटिक, जेन्युइन, रिअल हे शब्द नाव घेऊन दिलेत, कुठला कधी वापरायचा ते सकट. फ्रेश म्हणजे धुणं, सोलणं, चिरणं, थंड करणं असल्या साध्या गोष्टींपलीकडे काही न केलेली वस्तू. तळलेली चकली त्यात बसत नाही, सकाळीच तळली असली तरी. त्यामुळे फ्रेश चकली नको, सरळ तळल्याची तारीख टाका. ट्रॅडिशनलला पद्धत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली असावी लागते, ते तुमच्या सासूबाईंच्या भाजणीला शोभेल पण उद्या चीज चकली काढलीत तर त्यावर नाही.

लाडवाबद्दल विशेष जपून. ‘लेस स्वीट’ हे चवीचं वर्णन झालं. ‘लो शुगर’ हा दावा झाला, त्याला १०० ग्रॅममधे साखर ५ ग्रॅमच्या वर चालत नाही, बेसन लाडू त्याच्या जवळपासही जाणार नाही. आणि ‘अमक्यापेक्षा साखर कमी’ असं तुलनेने लिहायचं असेल तर फरक निदान २५ टक्के पाहिजे आणि कशाशी तुलना करताय ते सांगावं लागतं. चिमूटभर साखर कमी घातली म्हणून लेस शुगर होत नाही. बाजारच्यांशी तुलना तर मी म्हणेन करूच नका. दुसऱ्याचं वाईट आहे असा अर्थ निघाला आणि कुणी पुरावा मागितला तर तुम्ही काय चकली घेऊन जाणार का त्यांच्यापुढे?

अनारशाला खसखस लावत असाल तर दुबई आणि सिंगापूरची ऑर्डर घेऊ नका, तिकडे खसखशीवर बंदी नाहीतर कडक निर्बंध आहेत. हे विशेषण नाही पण सांगून ठेवतो.

---

सोऱ्यावाली (रात्री १०:३४)

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! दोनदा वाचलं, एकदा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. लसाविवर त्या खूश झाल्या, आणि लेबलवाले दादा, फ्रेशचं ऐकून रागावल्या, ‘सकाळी तळलेली ताजी नाही तर मग ताजी कशाला म्हणायचं’ म्हणाल्या. मी म्हटलं सरकारला विचारा.

मावशी तुमच्या चिठ्ठीची गोष्ट डोक्यात बसली. आम्ही बेसन जाडसर दळून आणतो, मंद आचेवर तास-सव्वा तास भाजतो, हे मला कधी लिहावंसंच वाटलं नाही, कारण आमच्याकडे सगळेच तसं करतात.

एक अडलंय. खमंग. भाजणीच्या चकलीत सगळं खमंगवरच आहे, त्याला काय लिहू? अरोमॅटिक लिहिलं तर उदबत्तीसारखं वाटतं.

---

निवृत्त_मास्तर (१०:५०)

खमंगचं भाषांतर करू नका. खमंग तसंच लिहा, तिरक्या अक्षरात. इंग्लिशने करी, चटणी, पापड घेतलेच की, हाही घेतील. सगळं त्यांच्या शब्दांत बसवलंच पाहिजे असं कुठे आहे?

---

एडिसनची_मावशी (रात्री ११:२०)

मास्तर, पापड लोकांनी आधी खाल्ला आणि मग शब्द घेतला. हिला अजून विकायचंय. खमंग नुसतं लिहिलं तर वाचणारा पुढच्या वस्तूवर जाईल.

माझं म्हणणं खमंग दोन गोष्टींचं मिळून आहे, भाजल्याचा वास आणि चावल्यावर येणारी शेंगदाण्याच्या वळणाची चव. ‘रोस्टी’ म्हणतात काही लोक, ‘नटी’ तर सर्रास म्हणतात, दाणा नसला तरी. पण इकडे नट्सची ॲलर्जी असलेले लोक फार, नटी वाचून घाबरतील. म्हणून ‘टोस्टी’ लिही, किंवा परत तेच, कसं केलं ते. राइस अँड थ्री डाल्स, ईच ड्राय-रोस्टेड सेपरेटली. ज्याला स्वयंपाक कळतो त्याला वास येईल.

---

निवृत्त_मास्तर (११:३२)

‘ईच ड्राय-रोस्टेड सेपरेटली’ला पूर्ण गुण. तरी खमंग कुठेतरी एकदा ठेवा, माझा हट्ट म्हणून.

---

सोऱ्यावाली (दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:५५)

रात्री बसून लिहिलं, भाच्याने स्पेलिंग बघितलं. टाकते, काही राहिलं असेल तर सांगा:

भाजणी चकली: राइस अँड थ्री डाल्स, ईच ड्राय-रोस्टेड सेपरेटली. डार्कर, क्रंचीअर अँड स्पायसीअर दॅन अवर राइस चकली. वुई कॉल द टेस्ट खमंग. (मास्तर, तुमच्यासाठी.)
तांदळाची चकली: लाइटर, क्रिस्पीअर, माइल्डर. किड्स लाइक इट.
बेसन लाडू: कोर्सली ग्राउंड चणा डाळ, स्लो-रोस्टेड इन घी फॉर ओव्हर ॲन अवर. रिच, नॉट टू स्वीट.
करंजी: होम-स्टाइल, फ्लेकी, फुल ऑफ कोकोनट. (खुळखुळा करंजी आमच्याकडे मिळत नाही हे लिहायचं होतं पण जमेना.)
चिवडा: क्रिस्पी, लेस ऑइली, मेड विथ पेपर-थिन पोहे.
अनारसे: लेसी, विथ पॉपी सीड्स. दुबई-सिंगापूरला नाही.

सासूबाईंना वाचून दाखवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, चकलीला काटा आलाय का नाही ते कुठे लिहिलंय? चकलीचं पहिलं ते बघतात, बाकी नंतर. आता काट्याला काय म्हणायचं? थॉर्नी नको ना?

---

उगाच_एक (८:०२)

थॉर्नी लिहा, मग हैदराबादच्या बाई काटे काढून खायचे का विचारतील.

---

एडिसनची_मावशी (८:१०, इथे रात्र आहे पण झोप उडवलीत)

स्पायकी. आणि फोटो जवळून काढ गं.